बाकीचे कुठे आहेत?

"हा एवढा एक प्रसंग गाळला तर सिनेमाचं काय बिघडणार आहे?" रेकॉर्डिस्टने तिसऱ्यांदा विचारलं. सकाळपासून तिचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. "हे बघ, कॅप्टनसाहेब बाहेर बसलेत. 'असं घडलंच नाही' एवढं त्यांना म्हणू दे, आत्ताच्या आत्ता कात्री लावतो. पण त्यांच्या तोंडून आलं पाहिजे."

संध्याकाळी सगळे आवाज पक्के होऊन पुढे जाणार होते. मग गावोगावच्या पडद्यांवर तिचे वडील खुर्चीला बांधलेले दिसणार होते. रडणार होते, आणि आपल्या तुकडीची जागा शत्रूला सांगणार होते. तीस वर्षं घरात हा विषय निघाला की आई उठून आत जायची. "ते तसले नव्हते," एवढंच म्हणायची. पुरावा मात्र तिच्याकडेही नव्हता.

वडील बिनतारी संच सांभाळायचे. तुकडीपासून तुटून ते आणि कॅप्टन असे दोघेच शत्रूच्या हद्दीत अडकले. वडील परत आले नाहीत. कॅप्टन अकराव्या दिवशी नदी पोहून आले. सिनेमा त्या अकरा दिवसांचाच होता.

बाहेर कॅप्टनांचा पाय एका जागी ठरत नव्हता. उठायचे, पाण्याच्या फिल्टरपर्यंत जायचे आणि ग्लास न भरताच परत यायचे. सत्तरी उलटली होती, पण पाठ ताठ. ही मुलगी कोणाची हे कळल्यावर त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"बेटा, या वयात मी खोटं कशाला बोलू? मी गिरणीच्या माळ्यावर लपलो होतो. तो खाली सापडला. मधे माळ्याची जमीन होती, डोळ्यांनी मी काही पाहिलं नाही. त्यांच्या भाषेतलं तर मला आजही एक अक्षर कळत नाही. पण माणूस कधी कोसळला, ते नुसत्या आवाजावरून कळतं."

"आणि मग?"

"मग तासाभरात ते आमच्या तुकडीवर तुटून पडले. एकही वाचला नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू त्याला दोष देऊ नकोस. तसल्या मारापुढे भलेभले टिकत नाहीत."

इतक्या मायेने बोलले की तिला धड रागही आला नाही. वाईट मात्र फार वाटलं. आईला हे कुठल्या शब्दांत सांगायचं, याची जुळवाजुळव करतच ती काचेमागच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

काचेपलीकडे मास्तर माइकसमोर तयार होते. ते त्या परक्या भाषेचे निवृत्त शिक्षक. अख्ख्या शहरात ती भाषा येणारं दुसरं कोणी सापडलं नव्हतं, म्हणून शत्रूच्या अधिकाऱ्याचा आवाज त्यांच्या गळ्यात पडला होता. कागदावर एकच प्रश्न होता आणि तो तीनदा विचारायचा होता: बाकीचे कुठे आहेत?

मास्तरांनी तो त्या भाषेत खणखणीत विचारला. जन्मभर व्याकरण शिकवलेलं. अधिकारी गृहपाठ मागतोय असंच वाटलं.

"मास्तर, वर्ग भरलाय का?" तिच्या मागोमाग येऊन उभे राहिलेले कॅप्टन म्हणाले. "तो ओरडत नव्हता हो. हळू विचारायचा. लाडीगोडीने, अगदी कानाशी."

दिग्दर्शकाची कळी खुलली. "वा! हे कुठल्या पुस्तकात मिळणार? मास्तर, हळू घ्या."

मास्तरांनी आवाज उतरवला. भिंतीवरच्या स्पीकरमधून नुसती कुजबुज आली.

"साहेब, तुम्ही आत जा आणि हेडफोन लावा," दिग्दर्शक म्हणाला. "बारीक आवाज त्यातच कळेल."

"नको. मला इथून ऐकू येतं."

"पाच मिनिटांचं काम आहे हो."

चारचौघांत किती वेळा नाही म्हणणार? कॅप्टन आत गेले आणि मास्तरांशेजारच्या स्टुलावर बसले. कैद्याचं काम करणारा नट दुपारी यायचा होता, ती त्याची जागा. त्याचा माइक तिने सकाळीच चालू करून ठेवला होता.

"दार उघडं ठेवलं तर चालेल?" कॅप्टनांनी विचारलं.

"बाहेरचे आवाज येतात, साहेब."

जाड दार बंद झालं. दिवे मालवले. पडद्यावर खुर्ची आली आणि खुर्चीला बांधलेला माणूस आला. तो नट आहे हे तिला पक्कं माहीत होतं, तरी तिच्याच्याने पाहवेना. ती समोरच्या, आवाज मोजणाऱ्या दोन काट्यांवर नजर रोखून बसली. एक काटा मास्तरांच्या माइकचा, दुसरा रिकाम्या माइकचा.

मास्तरांनी पहिल्यांदा विचारलं. "अजून हळू," दिग्दर्शक म्हणाला.

दुसऱ्यांदा विचारलं. आता तिच्या हेडफोनमध्ये कॅप्टनांचा श्वास ऐकू येऊ लागला होता.

तिसऱ्यांदा मास्तर नुसतं पुटपुटले, आणि दुसरा काटा हलला.

तिने मान वर केली. कॅप्टनांचे डोळे गच्च मिटलेले होते. दोन्ही हात स्टुलामागे, बांधल्यासारखे एकमेकांत अडकलेले होते. ओठ हलत होते. परक्या भाषेतले चार-सहा शब्द, तेच ते, भराभर. मास्तर केव्हाच गप्प झाले होते, तरी ते थांबत नव्हते.

तिने बोलायचं बटण दाबलं. "मास्तर, साहेब काय म्हणतायत?"

मास्तरांनी हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "यात नाहीये हे," ते म्हणाले.

"पण म्हणतायत काय?"

मास्तरांनी कॅप्टनांच्या तोंडाशी कान नेला. मग काचेकडे वळले.

"म्हणतायत, 'मारू नका. चला, मी दाखवतो.'"