भिंतीतलं भोक

"पोळीलासुद्धा सोल्डरिंगचा वास मारतोय," सासूबाई ताटावर पुटपुटल्या. आतल्या खोलीत ज्ञानेश खोकत खोकत लोकांच्या टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करत होता. अंबडच्या कंपनीनं घरी बसवल्यापासून हे असंच चाललं होतं. टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून धूर बाहेर ढकलायचा, आणि त्याची बायको शुभांगी अजूनही दर रविवारी त्याच्या कंपनीच्या शर्टाला इस्त्री करून ठेवायची.

आज तिनं एक्झॉस्ट फॅन बसवायला मिस्त्री बोलावला.

"थोड्या दिवसांसाठी भिंत कशाला फोडतेस गं? कंपनी बोलावेलच की त्याला," सासूबाई म्हणाल्या.

मिस्त्री छिन्नी भिंतीला टेकवून थांबला. "ताई, पाडू ना भोक?"

शुभांगीनं ज्ञानेशकडे पाहिलं. ज्ञानेशनं बोर्डावरून नजर हटवली नाही.

"पाडा, मिस्त्री. चांगलं मोठं पाडा. कंपनी मला परत बोलावणार नाहीये."