नव्या बोअरचं पाणी

"सांगितलं तर जगात कुणाचा विश्वास बसायचा नाही," मामाने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "पण नवं बोअर मारताना यंत्र खाली गेलं, गेलं, इतकं गेलं, की शेवटी खालून कुणीतरी ओरडलं, 'अहो, आमचं छप्पर गळायला लागलं!'"

आईला हसता हसता ठसका लागला. धाकट्या भावाचं तोंड सुटलं, की तिचं वय निम्म्यावर यायचं. भाची दारातच चपला काढत उभी राहिली. ती नुकतीच कामावरून आली होती.

मामाचा धंदा पाण्याचा. जमिनीतून उपसायचं, गाळायचं, बाटल्यांत आणि कॅनमध्ये भरायचं, वर हिरव्या डोंगराचं लेबल चिकटवायचं. डोंगर कारखान्यापासून इतका लांब, की खुद्द मामानेही तो लेबलवरच पाहिलेला. दर आठवड्याला एक कॅन मात्र बहिणीच्या घरी, स्वतःच्या खांद्यावरून, जिने चढून. "हा भाऊ जिवंत आहे तोवर अक्का नळाचं पाणी पिणार नाही!" असं तो जिन्यातच गर्जायचा. शेजाऱ्यांच्या कानावर जायला नको?

भाची पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. आईच्या तळहातांवर मोहरीएवढे कडक खडे उठले आणि डॉक्टरांनी "पाणी कुठलं पिता?" असं विचारलं, तेव्हा तिनेच कारखान्याचं पाणी तपासलं होतं. आर्सेनिक निघालं. ना रंग, ना वास, ना चव. चिमटीतही यायचं नाही इतकं थोडं, पण रोज पोटात गेलं तर अंगात मुरत जाणारं. मामाने तेव्हा दोन्ही कान पकडले होते. जुनं बोअर बंद, नवं सुरू, अक्काला कॅन नव्याचाच, अशी शपथ घेतली होती. आणि परवा नव्या बोअरचा नमुना स्वतःच आणून दिला होता. नमुना तपासणाऱ्यानेच जाऊन भरून घ्यायचा, हा तिच्या कामातला पहिला धडा. पण मामा म्हणाला, "आता मामावर पहारा बसवणार का गं?" आणि ती ओशाळली. बाटली घेतली.

"ये, ये, साहेब आल्या!" मामाने तिला पाहिलं. "काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"आर्सेनिक नाही सापडलं."

"बघ अक्का!" मामाने टेबलावर थाप मारली. "सापडणार कसं? अगं, असं नितळ पाणी, की कामगारांनी त्यात मासा सोडला. बिचाऱ्याला पाणीच दिसेना. आपण हवेत आहोत असं वाटून भीतीनेच मेला!"

आईने डोळे पुसले. भाचीने हसून बघितलं. जमलं नाही.

"पण मामा, क्लोरीन आहे त्यात."

"काय आहे?"

"नळाच्या पाण्यात जंतू मारायला घालतात ते. जमिनीखाली कोण घालायला गेलं होतं?"

"हात्तिच्या! पाइप धुतले असतील कुणीतरी."

"तांब्याचाही अंश आहे."

"असणारच! यंत्र वाटेत तांब्याच्या खाणीतून गेलं, ते सांगायचंच राहिलं. खालच्या लोकांकडे सगळे हंडेच तांब्याचे..."

भाचीची नजर ओट्यावर गेली. भिंतीवरून नळापर्यंत उतरणारा तांब्याचा पाइप आजोबांच्या वेळचा. त्या नळाचं पाणी तिने हौसेने कितीदा तपासलं होतं. आवाजावरून माणूस ओळखावा, तसं ती ते आकड्यांवरून ओळखायची. दुपारी परवाच्या बाटलीचे आकडे समोर आले, तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तिने सगळं पुन्हा केलं होतं. तरी तेच पाणी समोर आलं. मामाने निदान एकदा आपणहून खरं बोलावं, एवढ्यासाठी ती अजून गप्प होती.

"मामा, बाटली भरलीस कुठे?"

"कुठे म्हणजे? बोअरच्या तोंडाशी! मी स्वतः वाकलो, माझी टोपी आत पडली, तर ती खालच्या माणसाने झेलून वर..."

"पुरे गं तुझी उलटतपासणी!" आई मध्ये पडली. भावाची बाजू घेण्यात तिचा हात कुणी धरला नसता. "दमून आलेल्या माणसाला किती छळशील? अगदी स्वच्छ भरली हो त्याने. मी इथेच उभी होते. आपल्या नळाखाली चांगली खळखळून विसळली, काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं. मला काय त्यातलं कळतं, पण..."

बोलता बोलता तिने कॅनमधून भरलेला ग्लास उचलला. तो ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

मामा खुर्चीतून अर्धवट उठला. "अक्का, त्याचं काय झालं माहितीये, ते कुणाला सांगून पटायचं नाही, पण..."

"थांब," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तपासायला नळाचं दिलंस ना रे? मग मला हे का पाजतोस?"