तक्रारदार शांत

तक्रारीच्या खिडकीत मनगटाला नाडी मोजायचा पट्टा बांधून कुंदाताई बोलत होत्या. रुग्णवाहिकेचे फोन घेणाऱ्यांनी घाबरू नये म्हणून कंपनीने त्यांच्यासकट सगळ्यांच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत पडदा बसवला होता. बाहेरच्या पेशींचा निरोप आतल्या पेशींना मिळायचा नाही, मग अ‍ॅड्रेनलिन जेमतेमच बनायचं.

“परवा जेवताना ह्यांच्या घशात घास अडकला. मी आमटीवर झाकण ठेवलं, हात धुतले, मग वळले. तोवर हे निळे पडले होते. भिंतीपलीकडची शेजारीण धावत आली म्हणून वाचले. हा पडदा काढा.”

“पण ताई, दोन्हीकडच्या पेशी आपापलं काम चोख करताहेत,” कारकून म्हणाला.

“आपापलंच ना? माझ्या पोटातला शेजार तोडलात तुम्ही.”

त्याने यंत्रावरचा आकडा पाहिला. “राग खरा असेल तर नाडी शंभरावर जाते, तरच तक्रार घेतो आम्ही. तुमची बहात्तर आहे.”

यंत्रातून कागद आला: तक्रारदार शांत. तक्रार निकाली.

तो फाडून कारकुनाच्या तोंडावर फेकायला हवा, हे कुंदाताईंना पुरतं कळत होतं. त्यांनी कागदाची नीट चौघडी केली आणि पर्समध्ये ठेवली.