पिठाची पिशवी

बाळंतपणात सैल पडलेलं पोट पुन्हा घट्ट व्हावं म्हणून डुलुथमधल्या आमच्या चर्चच्या तळघरात मी बायकांचे व्यायाम घेते. वजन म्हणून जिचं तिचं बाळ. त्याला छातीशी धरून आडवं व्हायचं, श्वास सोडत पोटाच्या जोरावर सावकाश उठायचं, वर आलं की त्याचा पापा घ्यायचा.

आज नवी आलेली ब्रिटा शालीत गुंडाळलेली पिठाची पिशवी घेऊन आली. थोडं पीठ काढून पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद केलेलं.

"बाळ घरी विसरलीस की काय गं? का इथून जाऊन केक करायचाय?" शेजारच्या डोरीनने विचारलं. सगळ्या हसल्या.

"झोपलंय," ब्रिटा म्हणाली आणि तीही हसली.

बाकीच्या थांबल्या तरी ती उठतच राहिली. पोट थरथरत होतं, पण पापा एकदाही चुकला नाही. शेवटी मलाच बघवेना. "पुरे आता, थोडं वजनाशिवाय कर," म्हणत मी एका हाताने पिशवी उचलली.

ती ताडकन उठून बसली.



"मानेखाली हात दे गं. अजून मान धरली नाहीये त्यानं."