कमलेशची कमला

बाळकुमच्या सीतारामबाबांनी घराण्याचा वंशवृक्ष इंटरनेटवर चढवला आणि मुलाच्या, कमलेशच्या, फांदीवर संगणक अडखळला. याला कमला नावाच्या दोन बायका कशा? त्यात बाबांची काय चूक! कमलेशची बायको ती कमलाच, म्हणून त्यांनी लग्नात तांदळावर नाव लिहवून आधी निशिगंधाची कमला केली आणि ती घटस्फोट घेऊन गेल्यावर कृतिकाचीही. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या दिसतात, एकत्र करू का, असं संगणकाने अदबीने विचारलं. बाबा खुलले. "बघ सूनबाई, एका बटनात घटस्फोट गायब!" कृतिकाने त्यांच्या हातातून माऊस घेतला. "बाबा, ती इथे सहा वर्षं नांदली. तिला माझ्यात कोंबू नका." एका चौकटीत तिने 'माजी पत्नी निशिगंधा' लिहिलं, दुसरीत 'पत्नी कृतिका'. बाबा हबकले. "अगं, मग आमची कमला गेली कुठे?" "ती आलीच कधी होती, बाबा?"