दोन कॉलम भरेल इतका मजकूर

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” म्हातारा डिझायनर म्हणाला. “आणि बसला, तर तुम्ही या धंद्यात टिकणार नाही.”

वर्ग हसला. डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची वीसेक मुलं होती. म्हाताऱ्याची मुलगी त्यांना शिकवायची. तिनेच त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं आणि आता ती मागच्या बाकावर वह्या तपासत बसली होती. पहिल्या रांगेतल्या चष्मेवालीने नुकतंच विचारलं होतं, “सर, आम्ही लिहिण्याचा सराव कशाला करायचा? लिहायला दुसरा माणूस असतो की.”

“माझा एक मित्र अगदी असंच म्हणायचा,” म्हातारा म्हणाला. “हात सोन्याचा. पण दोन ओळी लिही म्हटलं की याला ताप भरायचा. आणि लिहायचा नाही, म्हणून वाचायचाही नाही. मजकूर म्हणजे याच्या लेखी करडा पट्टा. डोळे बारीक करून बघायचा, पट्टा सरळ दिसला की काम झालं. आता, खरा मजकूर कधीच वेळेवर येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तोवर जागा भरायला आपण काहीबाही टाकतो. हा काय टाकायचा? आईच्या मेल.”

“आईच्या?”

“आई वृद्धाश्रमात. बोटं थरथरायची, म्हणून ती सांगेल तसं तिथली नर्स टाइप करून दर शनिवारी पाठवायची. लांबी नेमकी दोन कॉलम, जशी काही मापून दिलेली. टायरच्या कॅटलॉगमध्ये आई, शाम्पूच्या बाटलीवर आई, बँकेच्या अहवालात आई. खरा मजकूर आला की आई बाहेर.”

मुलं खिदळली. मागच्या बाकावरचं पेन थांबलं.

“म्हणजे ते त्या मेल वाचायचेच नाहीत?” चष्मेवालीने विचारलं.

“नंतर वाचू, म्हणायचा. भेटायलाही नंतरच जाणार होता.” म्हाताऱ्याने रुमालाने उगाच कपाळ टिपलं. “मग त्याच वृद्धाश्रमाचं ब्रोशर याच्याकडे आलं. मॅनेजर म्हणाले, मजकूर उद्या पाठवतो. याने आईची एक मेल घातली आणि प्रूफ पाठवलं. मॅनेजरही याच्याच जातकुळीचे. फोटो बघितले, बाग काय हिरवीगार दिसतेय म्हणाले, सही करून मोकळे. मजकूर पाठवायचा राहिला, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तीन हजार प्रती छापल्या आणि तिथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या नातेवाइकांकडे, ओळखीपाळखीत, सगळीकडे गेल्या.”

“मेलाच तो,” मधल्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं.

“चौथ्या दिवशी मॅनेजरांचा फोन. आता शिव्या पडणार म्हणून याने फोन कानापासून हातभर लांब धरला. पण ते ओरडले नाहीत. हळू आवाजात ब्रोशरचं पहिलं पान वाचून दाखवायला लागले.”

म्हातारा फळ्याकडे वळला. फळा कोरा होता, पण तो त्यावरून वाचल्यासारखा बोलू लागला.

“‘मला खिडकीजवळची खाट मिळाली आहे. फाटक दिसतं. तू परदेशात असतोस असं मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, म्हणजे कुणी विचारत नाही. तेव्हा येशील त्या दिवशी मोठी बॅग घेऊन ये. रिकामी असली तरी चालेल. मी खोटी पडायला नको.’”

कुणी हसलं नाही.

“माझ्या मित्राचा स्टुडिओ तिथून तीन थांब्यांवर,” म्हातारा म्हणाला. “मॅनेजरांनी एवढंच विचारलं, ‘तुम्ही ही वाचली नव्हती?’ याने फोन ठेवला आणि टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत बसला. समोर असिस्टंट होती, तिच्याकडे बघायची सोय नव्हती. तीन हजार लोकांनी ती मेल याच्या आधी वाचली होती.”

“मग?” चष्मेवाली म्हणाली.

“मग पुढचा रविवार. आता इथे तुमचा विश्वास उडणार. फाटकाबाहेर ही रांग. मुलगे, सुना, लेकी, जावई, आणि प्रत्येकाच्या हातात बॅग. एका बहाद्दराने तर विमानाचं जुनं लेबल शोधून चिकटवलेलं. वॉचमनला वाटलं, मंडळी राहायलाच आली. तो बापडा सांगत सुटला, खाटा शिल्लक नाहीत म्हणून.”

वर्ग सुटल्यासारखा हसला. म्हातारा रंगात आला.

“रांगेत सगळ्यात शेवटी माझा मित्र. आई खिडकीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणते कशी, ‘मी म्हटलं नव्हतं? विमान लेट असणार.’ बॅग रिकामी होती ते बरंच झालं. आईचेच कपडे त्या बॅगेत भरले आणि त्याच संध्याकाळी तिला घरी आणलं. त्या दिवसापासून तो रोज एक पान लिहितो. आई होती तोवर ती तपासायची, चुकला की टपली मारायची. म्हणून सांगतो पोरांनो, लिहा. लिहिणाऱ्यालाच त्या करड्या पट्ट्यात माणूस दिसतो.”

टाळ्या पडल्या. चष्मेवालीने चष्मा काढून डोळे पुसले. म्हातारा कोटाची बटणं लावू लागला.

मागच्या बाकापाशी त्याची मुलगी उभी राहिली होती. टाळ्या संपेपर्यंत ती थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “ते ब्रोशर छापून आलं तेव्हा आजीला जाऊन दोन महिने झाले होते.”