काळंच आलंय

"काळंच आलंय," बायकोने चहाचा कप त्याच्या हातात देत सांगितलं.

"परत? चार-चार मिनिटांचे तीस फोटो घे, कॉम्प्युटरवर एकावर एक चढव, इतकं सांगूनही?"

"अहो, तुम्ही सांगितलंत तस्संच केलं."

त्याने कपाळावर हात मारला. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

आयुष्यभर त्याने दिवसा पितळी पाट्यांवर लोकांची नावं कोरली आणि रात्री गच्चीवरच्या दुर्बिणीतून दूरदूरच्या दीर्घिकांचे फोटो काढले. एक क्वेसार, कुठल्याशा अतिदूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र, तेवढा राहून गेला. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला उजेड, फोटोत जेमतेम सुईच्या टोकाएवढा. दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे गेले. आता तो ठिपका बायकोने टिपायचा आणि कसा दिसतो ते त्याला सांगायचं. तेवढं ऐकल्याशिवाय त्याला मरायचंही नव्हतं.

पंचवीस वर्षं ती गच्चीवर नुसती बॅटरी धरून उभी असायची. कधी म्हणालीच, "मी बघू जरा?" तर तो मित्रांसमोर हसायचा. "तुला काय दिसणार त्यात? काळोख!" मित्र हसायचे. तीही हसायची.

आता सगळी भिस्त तिच्यावर. तो रोज नव्याने शिकवायचा, ती बारीकसारीक विचारून घ्यायची. मधूनच भिंतीशी ठोकाठोक चाले.

"काय गं ते?"

"कॅलेंडरला खिळा."

दुपारी आकाशनिरीक्षण मंडळाचे सेक्रेटरी आले. दारातच ती कुजबुजली, "फोटोंचा विषय नको हं. त्यांना त्रास होतो." येईल त्याला ती हेच सांगे. बायको असावी तर अशी, असं त्याला दर वेळी वाटायचं.

"वा! वा!" सेक्रेटरी खोलीत येताच म्हणाले, आणि चपापून पुढे म्हणाले, "चहा फक्कड झालाय, वहिनी."

चहा अजून यायचा होता. तो मनात हसला.

ती पाहुण्यांना पोचवायला खाली गेली. तो चाचपडत खिडकीकडे निघाला आणि खांदा भिंतीवरच्या काचेला लागला. फ्रेम. खाली पितळी पट्टी, कोरलेली. असली अक्षरं वाचायला त्याला डोळे लागत नव्हते.

'क्वेसार. प्रथम पारितोषिक.' खाली बायकोचं नाव. आडनाव माहेरचं.

शेजारी दुसरी फ्रेम. मग तिसरी. भिंत संपेना.

मागे पावलं वाजली.

"अगं," तो काचेवर हात ठेवून म्हणाला. "कसा दिसतो तो? एकदाच सांग."

तिने तिरकी झालेली फ्रेम सरळ केली.

"तुला काय दिसणार त्यात?" ती म्हणाली. "काळोख."